पहिला पेला

निखतने पाच लिटरचा कॅन दोन्ही हातांनी उचलला, खिडकीतल्या उन्हासमोर धरला आणि आतल्या पिवळ्या पाण्याची पातळी वाचली. चोवीस तासांची लघवी. कॅनवर चिकटपट्टी, पट्टीवर मुलाचा क्रमांक. या पठ्ठ्याने क्रमांकाखाली बॉलपेनाने दंड फुगवलेला पैलवानही काढून ठेवला होता. तिने पट्टी नखाने खरवडून काढली आणि नवी लावली.

"एवढं शिकून सवरून पोट्ट्यायचं मूत मोजून रायल्या जी मॅडम तुमी," दारातून तानुबाई म्हणाली. शेजारच्या वसतिगृहाची मेस तिच्याकडे होती. हात पदराला पुसत ती रोज याच वेळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राही. "मी म्हणतो, नळाखाली वतून द्या अन् हो मोकळं."

"तुम्ही ताटात मी सांगितलं तेवढंच वाढता ना?"

"मापानंच वाढतो. वरण मापानं, चणे मापानं, दूध मापानं. हात दुखून रायला मापून मापून."

"दुखू द्या," निखत म्हणाली आणि कॅनचं झाकण उघडलं.

अमरावतीच्या त्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात निखत शरीरक्रियाशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. जितके तास, तितकी नोकरी. अकोल्याहून सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरून ऑटो, संध्याकाळी तोच रस्ता उलटा. जूनपर्यंत पीएच.डी. हातात पडली तर जागा तिची. नाही पडली तर तास दुसऱ्या कोणाला. हे तिला कोणी धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, चहा पिता पिता सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते खरं होतं.

तिच्या प्रबंधाचा विषय एका पांढऱ्या भुकटीवर उभा होता. क्रिएटिन. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत गल्लीबोळात जिम निघाल्या होत्या आणि प्रत्येक जिमच्या काचेच्या कपाटात या भुकटीचे डबे देवासारखे मांडलेले असत. निखतला ती कपाटं पाहिली की हसू यायचं. क्रिएटिन शरीर स्वतःच तयार करतं, थोडं मांसाहारातून मिळतं. बाहेरून दिलं तर स्नायूला झटक्याची ताकद मिळते आणि पाणी धरून तो जरा फुगतो, एवढं जगात मोजून झालं होतं. तिचा प्रश्न त्याच्या आतला होता: स्नायूत जे प्रथिन असतं, ते या भुकटीने नवं जास्त बनतं, की जुनं मोडायचं कमी होतं, की यातलं काहीच होत नाही? तिचा स्वतःचा कौल शेवटच्या पर्यायाला होता. कौल होता म्हणूनच ती इतकी काटेकोर होती. खोट्याला खोटं ठरवतानाही मोजमाप खरं लागतं.

पुण्याकडच्या एका कंपनीने डबे पाठवले होते. लाल झाकणाच्या डब्यांत एक, निळ्या झाकणाच्या डब्यांत दुसरं. एकात क्रिएटिन, एकात मक्याची गोडसर भुकटी. दोन्हीला व्हॅनिलाचा सारखाच वास. कोणत्या झाकणाखाली काय, हे निखतलाही ठाऊक नव्हतं आणि असायला नको होतं. वसतिगृहात राहून पोलीस भरतीची तयारी करणारी, आखाड्यात उतरणारी मुलं तिने निवडली. अर्ध्यांना लाल, अर्ध्यांना निळं. सगळ्यांच्या पोटात सारखंच प्रथिन जायला हवं म्हणून ताटही तिनेच ठरवून दिलं होतं: वरण, भिजवलेले चणे, सोयाबीनच्या वड्या, दूध, अंडी. ताटाचा खर्चही कंपनीच देत होती. प्रथिन मोडलं की त्यातलं नत्र लघवीतून बाहेर पडतं. ताटातून किती आत गेलं, कॅनमध्ये किती उतरलं. मधलं जे राहिलं ते शरीराने बांधकामाला लावलं. हिशोब सोपा होता. माणसं सोपी असती तर.

माणसं म्हणजे ही मुलं. निखतच्या मते त्यांच्याइतकी बेभरवशाची वस्तू प्रयोगशाळेत दुसरी नव्हती. कोणी कॅन अर्धा भरून आणी आणि उरलेलं झाडाला घातल्याचं सांगे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली, तेव्हा परतताना सगळीच्या सगळी वजन घटवून आली. बाकीचं जग दिवाळीत फुगतं, ही वाळून आली. निखतने नोंद केली होती: सुट्टीत शिस्त नाही.

*

नव्या वर्षातली पहिली मोजणी पूर्ण झाली तेव्हा ती निकालाकडे बराच वेळ पाहत राहिली.

लाल आणि निळं, दोन्ही गटांत काडीचा फरक नव्हता. सगळ्यांच्या शरीरात नत्र शिल्लक राहत होतं, म्हणजे सगळ्यांचे स्नायू भरत होते, एकाच चालीने. यावर तिची हरकत नव्हती. तिचा कौलच तो होता. खटकलं ते दुसरं. जो क्रिएटिनची भुकटी घेतो त्याच्या लघवीत ती थोडीफार उतरतेच, आणि ते तिने या मोजणीत पहिल्यांदाच तपासलं होतं. इथे एकाच्याही कॅनमध्ये तिचा मागमूस नव्हता. ना लाल, ना निळा.

अर्थ एकच होता. पोरं भुकटी घेतच नव्हती.

"विकली," ती स्वतःशी म्हणाली. इतवारा बाजारातल्या दुकानात असा डबा कोणीही डोळे झाकून घेतला असता. तिला राग आला नाही. रागाच्या पलीकडची एक गार तुच्छता आली. वर्षभराचं काम, आणि ते तिने कोणाच्या भरवशावर टाकलं होतं? फुकटचं ताट मिळतंय म्हणून कॅनवर पैलवान काढणाऱ्यांच्या.

ती मार्गदर्शकांकडे गेली. भगवंतराव खुर्चीत रेलून दात कोरत होते. त्यांच्या टेबलावर कंपनीने दिलेलं घड्याळ होतं, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर.

"फरक नाही म्हणता?" त्यांनी विचारलं.

"फरक नाही, आणि भुकटी पोटात गेल्याची खूणही नाही."

"हे बघा निखत, फरक असतोच. दिसावा लागतो. लाल गटातली जी तीन-चार पोरं मागे पडलीत ती गाळा. आजारी होती म्हणा. निळ्यातली पुढे गेलेली दोन गाळा. मग पाहा कसा फरक दिसतो ते."

"कोणत्या गटात क्रिएटिन आहे हे आपल्याला माहीत नाही, सर."

"लाल," भगवंतराव म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की हे त्यांना ठाऊक असायला नको होतं, आणि त्यांनी काडी कचरापेटीत टाकली. "म्हणजे, लालच असणार. अंदाज."

निखतने त्यांच्याकडे पाहिलं नाही. कॅलेंडरवरच्या माणसाकडे पाहिलं. त्याला मान नव्हती, खांद्यांतूनच डोकं निघालं होतं. हा माणूस निदान कोणाचा मार्गदर्शक नव्हता.

*

पोरांना रंगेहाथ पकडायचं तिने ठरवलं. डबे आखाड्यात नेतात, एवढं तानुबाईकडून कळलं होतं. उन्हं कलली तेव्हा ती वसतिगृहामागच्या आखाड्यात पोचली आणि उंबऱ्यापाशी थांबली. बायकांनी आत पाय टाकायचा नाही, असा नियम होता; तिला तो हास्यास्पद वाटे, पण चपला मातीत बरबटवायचीही हौस नव्हती.

कुस्त्या संपल्या होत्या. वस्ताद घरी गेले होते. मुलं भिंतीला टेकून बसली होती, अंगावर तांबडी माती, आणि मधोमध एक मोठं पातेलं. पातेल्यात मेसचं दूध, वाटलेले शेंगदाणे, गूळ. आणि त्याच्याभोवती तिचे सगळे डबे, लाल आणि निळे, झाकणं काढून ठेवलेले.

चांदूर बाजारचा जिब्रान उकिडवा बसून एकेका डब्यातून चमचा भरून पातेल्यात टाकत होता. एक लाल, एक निळा, एक लाल, एक निळा. रिद्धपूरचा श्याम रवीने घुसळत होता.

"थांब," निखत म्हणाली.

रवी थांबली. मुलं उठून उभी राहिली, कोणी टॉवेल शोधू लागलं.

"हे काय चाललंय?"

"खुराक हाय जी मॅडम," जिब्रान म्हणाला.

"कोणाला विचारून एकत्र केलं? प्रत्येकाला आपापला डबा दिला होता ना? लाल त्याने लाल, निळा त्याने निळा. मराठीत सांगितलं होतं. हिंदीत सांगू?"

"समजलं होतं जी," श्याम म्हणाला. तो महानुभावांच्या घरचा, अंड्याला शिवत नसे. त्याची अंडी जिब्रान खाई आणि जिब्रानचं दूध तो पिई, हेही निखतला आत्ता, जिब्रानपुढची अंड्यांची टरफलं आणि श्यामपुढचे दोन पेले पाहून कळलं. "पण तुमीच सांगतलं होतं, एकात असल माल हाय अन् एकात नुसतं पीठ."

"मग?"

श्यामने जिब्रानकडे पाहिलं. जिब्रानने मातीकडे.

"मंग कसं पिवाव मॅडम? एकाच मातीत लढतो. मार्चात सगळ्यायचीच भरती हाय. एकानं ताकद प्यावी अन् दुसऱ्यानं पीठ? आखाड्यात खुराक एकाच भांड्यात होते. वस्ताद म्हणतात, ज्याच्या पेल्यात येगळं काई असंन, त्यानं मातीत उतरू नये."

"हा आखाडा नाही. हा प्रयोग आहे."

"हो जी," जिब्रान म्हणाला, जसं काही तिने हवामानाविषयी बोलावं.

कोणीतरी मागून खुदकलं. पेले भरायची वेळ झाली होती आणि सवयीने एका मुलाने पहिला पेला भरून कोपऱ्यातल्या एका काटकुळ्याच्या हातात दिला होता. तो तोंडाला लावावा की नाही, अशा विचारात काटकुळा उभा होता.

"त्याला आधी का?" निखतने विचारलं. तिला खरं तर विचारायचं नव्हतं.

"आज त्याची पाठ लागली जी. इथीसा ज्याची पाठ मातीले लागते, पयला पेला त्याचा. जिंकला तो सगळ्यायच्या शेवटी पिते."

वाहवा, निखतच्या मनात आलं. हरण्याला बक्षीस. मग भरतीत धावायला कशाला जाता, घरी बसून पेले घ्या.

"तुम्हाला काय वाटतं, मी इथे तुमचं मूत हौसेने मोजते?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "कोणत्या देशात, कोणत्या गाढवांनी, औषध आणि पीठ कालवून खाल्लंय आणि वर त्याला माणुसकी म्हटलंय? वर्ष गेलं माझं. तुम्हाला एक नियम पाळता आला नाही."

"पाळले न मॅडम," जिब्रान हळू म्हणाला. "बाकीचे समदे पाळले. तुमी म्हणल्या होत्या, मोजणीच्या आधी मटण चालनार नाही, कॅनमंधी उतरते म्हणून. बकरी ईदले घरी होतो मी. अम्मीनं ताट वाढलं, अन् मी वरनपोयी खाऊन उठलो. अब्बा म्हणे, पोट्टा बिमार हाय का बामन झाला?"

मुलं हसली. जिब्रानही हसला. निखत हसली नाही. त्या दिवशी अकोल्यात तिने पोटभर बिर्याणी खाल्ली होती आणि या मुलाची तिला आठवणही झाली नव्हती. ही गोष्ट तिला आवडली नाही, म्हणून तिने ती बाजूला सारली.

"उद्यापासून ताट बंद," ती म्हणाली. "प्रयोग संपला. तानुबाईंना मी सांगते."

एक लाल आणि एक निळा डबा उचलून तिने पिशवीत टाकले आणि ती वळली. मागून रवीचा आवाज आला नाही.

*

अकोल्यात वडील जेवणाला थांबले होते. अब्दुल गफ्फार यांचा बारदान्याचा धंदा होता. कापूस आणि धान्य चाललं की पोती चालत. नापिकीच्या त्या दोन-तीन वर्षांत दुकानात पोत्यांच्या थप्प्या जशाच्या तशा पडून होत्या आणि ते वर बसून वर्तमानपत्र वाचत.

"फिर किससे लड़ के आई?" त्यांनी विचारलं.

"गधों से."

"गधे तो मेहनती होते हैं," ते म्हणाले आणि तिच्या ताटात सालन वाढलं. "खा लो पहले."

तिने घास तोडला आणि तो हातातच राहिला.

सगळ्यांनी सगळं मिसळून प्यायलं. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात अर्धं क्रिएटिन गेलं. अर्धं, शून्य नव्हे. अर्धं गेलं तरी ते लघवीत दिसतंच. सगळ्यांच्या कॅनमध्ये दिसायला हवं होतं. आणि एकाच्याही दिसलं नव्हतं.

पोरांनी भुकटी विकली नव्हती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पातेल्यात पडताना पाहिली होती.

"क्या हुआ? नमक ज़्यादा है?"

"नहीं अब्बा," निखत म्हणाली. "कुछ कम है शायद."

दुसऱ्या दिवशी तिने तास घेतला नाही. प्रयोगशाळेचं दार लावून तिने तीन परीक्षानळ्या मांडल्या. एकीत लाल डब्यातली भुकटी, एकीत निळ्यातली, तिसरीत कपाटातल्या बाटलीतलं शुद्ध क्रिएटिन, तुलनेसाठी. आम्ल घालून उकळलं, थंड होऊ दिलं, मग पिक्रिक आम्लाचं पिवळं द्रावण आणि अल्कली. क्रिएटिन असेल तर पिवळा रंग भगवा होत होत लाल होतो, बी.एस्सी.च्या पोरींनाही हे जमतं.

तिसरी नळी पाहता पाहता डाळिंबासारखी लाल झाली.

पहिल्या दोन पिवळ्याच राहिल्या. तिने वाट पाहिली. पुन्हा केलं. मग कपाटातले न फोडलेले डबे काढून त्यांचं केलं. स्टँडवर पिवळ्या नळ्यांची रांग लागली, आणि टोकाला ती एकटी लाल.

कोणत्याच डब्यात क्रिएटिन नव्हतं. लाल झाकणाखाली मक्याची भुकटी, निळ्या झाकणाखाली मक्याची भुकटी. पोरांनी मिसळलं नसतं तरी काही फरक पडला नसता. त्यांनी पिठात पीठ मिसळलं होतं, आणि एकमेकांवर अन्याय होऊ नये म्हणून ते चमच्याने मोजून मिसळलं होतं.

निखत स्टुलावर बसली. तिला कंपनीचं फार आश्चर्य वाटलं नाही. ज्यांना फरक गाळून मिळणार होता, त्यांनी खरा माल कशाला खर्चायचा? भगवंतरावांचं तर मुळीच नाही. त्यांच्या बाबतीत तिची तुच्छता इतकी जुनी होती की तिला आता नव्या पुराव्याची भूक नव्हती. आश्चर्य वाटलं ते एकाच गोष्टीचं. पोरं भरली होती. काटकुळ्याचंसुद्धा वजन वाढलं होतं. लाल नाही, निळा नाही. मग भरली कशाने?

उत्तर दारात उभं होतं आणि हात पदराला पुसत होतं.

"ताट बंद म्हणून निरोप आला," तानुबाई म्हणाली. "किती दिस बंद?"

"कायमचं."

"असं." ती उंबऱ्यावर टेकली. "मंग आधीसारखं. पातळ वरण अन् भात. मेसचा हप्ता अर्धेच पोट्टे भरतात. अर्धे एका डब्यात दोघं खातात, मले दिसते, मी बोलत नाही." तिने पदराने कपाळ पुसलं. "तो जिब्रान्या आला तेव्हा भरतीच्या मापात बसत नवता. छाती कमी. दिवाळीले घरी गेला अन् अजून उतरून आला. म्या म्हटलं, काहून बे, मायनं खाऊ नाही घातलं का? तर म्हणे, तानुमावशी, घरी आपल्यामुळं कोनाचं कमी होऊ नये म्हणून मीच कमी खाल्लं. सगळे असेच हायत. ह्या वर्साले कोनाच्या घरी काय हाय?"

सुट्टीत शिस्त नाही, असं निखतने लिहिलं होतं.

"आता बसतो का मापात?" तिने विचारलं.

"बोटभर बाकी हाय म्हणे. मार्चापर्यंत होऊन जाते." तानुबाईने स्टँडवरच्या नळ्यांकडे बोट दाखवलं. "हे काय? लालवाला कोनाचा बिघडला?"

"लाल बिघडलेला नाही," निखत म्हणाली.

*

ती भगवंतरावांकडे गेली तेव्हा दोन्ही डबे पिशवीत होते. काय बोलायचं ते तिने जिन्यावर ठरवलं होतं आणि ते दोन वाक्यांत बसत होतं. डब्यांत काही नाही. हे मी विद्यापीठाला कळवणार.

"या, या," भगवंतराव म्हणाले. आज त्यांच्यासमोर पेढ्याचा पुडा होता. "आत्ताच कंपनीवाल्यांचा फोन झाला. खूश आहेत. म्हणाले, मार्चपर्यंत चालू द्या, डबे आणखी पाठवतो, मेसचंही आम्ही बघतो. तुम्ही कोणाला तरी ताट बंद वगैरे बोललात म्हणे? असं करू नका. प्रयोग चालू आहे तोवर त्यांचा हात सैल आहे. प्रयोग बंद, की सगळं बंद. घ्या, पेढा घ्या."

निखत उभीच राहिली. पिशवीतले डबे एकमेकांवर वाजले.

तिने हिशोब केला. तिला तेवढंच नीट येत होतं. आज बोललं तर ताट आजच बंद. मार्चमध्ये बोललं तर मधले दिवस तिने जाणूनबुजून खोट्या डब्यांवर खरे क्रमांक घालायचे, कॅन उन्हासमोर धरायचे, आणि या माणसाकडे पाहून मान हलवायची. प्रबंध दोन्हीकडून गेलेला होता. नवे डबे, नवी मुलं, नवी मोजणी. जूनपर्यंत यातलं काही होणार नव्हतं. तिचे तास कोणाला मिळतील, तेही तिला आता दिसत होतं. पोरांना गाळून फरक दाखवणारा कोणीतरी मिळेलच.

"मग?" भगवंतराव म्हणाले. "ती तीन-चार पोरं गाळली का?"

"नाही. सगळी राहतील."

"आणि निष्कर्ष?"

"मार्चअखेर देते, सर. भरती झाली की."

"भरतीचा काय संबंध?"

"मुलं तेव्हा मोकळी होतील," ती म्हणाली. तिने पेढा उचलला, कारण न उचलता तिथून निघणं लांबलं असतं. जिन्यावर तो तिने खिडकीतून कावळ्याला टाकला.

*

शनिवारी ती आखाड्याच्या उंबऱ्याशी आली तेव्हा पिशवी जड होती. आत माती उकरून सारखी केलेली, कडेला तेलाचा दिवा, नारळ, उदबत्ती. मुलं स्वच्छ बनियन घालून बसली होती. पातेलं मधोमध होतंच. त्यात दूध होतं, कारण त्या सकाळपासून दूध पुन्हा मापाने सुरू झालं होतं.

तिला पाहून ती उठली.

"बसा," ती म्हणाली आणि पिशवीतून डबे काढून उंबऱ्यावर एकेक मांडले. लाल, निळे. झाकणं पुसलेली, क्रमांक नवे. "ज्याचा त्याने घ्यायचा. कॅन अर्धे आणायचे नाहीत. कॅनवर चित्रं काढायची नाहीत. मटणाचं जे सांगितलं होतं ते..." ती थांबली. "ते आता सोडा. घरी जे मिळेल ते खा. सगळं खा."

जिब्रानने मान हलवली. श्यामने पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अन् मॅडम, हे? येगळं येगळं पिवाव का आता?"

निखतने चष्मा काढून ओढणीने पुसला. पुसायला त्यावर काही नव्हतं.

"एकाच भांड्यात होतो ना तुमचा खुराक?"

"हो जी."

"मग पातेलं तरी घासत जा नीट. कडेला मागची साय तशीच आहे."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. जिब्रान उठला, डबे घेऊन गेला आणि उकिडवा बसून चमचे टाकू लागला, एक लाल, एक निळा. श्याम घुसळू लागला. निखत का थांबली होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. गाडीला वेळ होता, एवढंच.

फेस वर आला. श्यामने स्टीलचा पेला बुडवला, बाहेरून हाताने निपटला, आणि तो उठून उंबऱ्यापाशी आला. पेला त्याने दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला.

मागे कोणी हसलं नाही.

"आज कोणाची पाठ लागली?" निखतने विचारलं.

"आज कुस्तीची जोड नाही झाली जी," श्याम म्हणाला. "शनवार हाय. मारुतीचा वार."

पेला तसाच धरलेला होता. त्याच्या मनगटावर माती नव्हती, तेलाचा वास होता. जिब्रान पातेल्यापाशी बसून, चमचा हातात धरून, दुसरीकडेच पाहत होता, जसं कोणी मोठ्या माणसाला जेवताना पाहू नये म्हणून दुसरीकडे पाहतं.

निखतने पेला घेतला आणि उभ्या उभ्या, न थांबता, शेवटपर्यंत प्याली. गूळ, शेंगदाणे, दूध. आणि वर तो व्हॅनिलाचा वास. ओठांवरचा फेस तिने पालथ्या हाताने पुसला.

"कसं झालं जी?" श्यामने विचारलं.

"भुकटी कमी आहे," ती तासावरच्या आवाजात म्हणाली. "आणखी एकेक चमचा टाका."